आजारी नाव

जव्हारच्या माझ्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचं सगळ्यात जास्त अप्रूप मलाच होतं. केसपेपरांचे गठ्ठे उचकायची गरज उरली नाही. पेशंटचं नाव टाइप केलं की जुनी दुखणी समोर यायची. औषधही स्क्रीनवरच निवडायचं. एखादं त्याला सोसत नसेल तर लाल ओळ उमटायची आणि चिठ्ठी छापलीच जायची नाही.

एकदा वांगणीहून एक बाई पाच-सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. पोरीला ताप होता, खोकला होता. नाव सापडलं नाही, म्हणून मी नवीन पान उघडलं, तिला तपासलं आणि औषध निवडलं. लाल ओळ आली नाही. नर्सने बाटली आणून टेबलावर ठेवली, तशी बाई म्हणाली,

"ह्ये नको. मागं ह्यानं अंगभर फोड उठलं."

"कुणी दिलं होतं?"

"तूच."

"पण हिचं नाव इथे नाहीच!"

"तवा हिचं नाव दुसरं होतं."

ते फोड गेल्यावरही पोर किरकिर करत राहिली. घरातली म्हातारी माणसं म्हणाली, हिला हे नाव मानवत नाही. मग त्यांनी नाव बदललं. "आजारी नाव होतं ते. टाकून दिलं," बाई म्हणाली.

मी जुनं नाव विचारलं. तिने आधी लेकीला नर्सबरोबर ओसरीवर पाठवलं, मग माझ्या कानाशी येऊन ते सांगितलं. मी टाइप केलं. पान उघडलं. वरच लाल अक्षरांत होतं: सल्फा देऊ नये. टेबलावरची बाटली सल्फाचीच होती. मी औषध बदललं.

"आता दोन्ही नावं एकत्र करून ठेवते."

"नको, नको! मग ते हिला परत धरंल."

"मग मला कळणार कसं?"

तिने जरा विचार केला. "फोड लिही. नाव नको लिहू."

कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बसवून देणारा मुलगा नाशिकचा होता. मी त्याला फोन केला.

"मॅडम, नाव कोण बदलतं?"

"आमच्याकडे बदलतात."

त्याने प्रत्येक पेशंटला एक नंबर दिला. तो कार्डावर लिहून पेशंटकडे द्यायचा; नाव बदललं तरी पान तेच राहणार होतं. बाई पुन्हा आली तेव्हा मी तिला स्क्रीन दाखवली: लेकीचं नवं नाव, नंबर आणि सल्फाची लाल ओळ. तिला वाचता येत नव्हतं आणि माझ्या वाचण्यावर तिचा भरवसा नसावा. तिने नर्सला वाचायला लावलं.

"जुनं नाय ना कुठं?"

"नाही."

तेव्हा कुठे ती स्टुलावर नीट बसली.

त्यानंतर मी नव्या पेशंटला विचारू लागले, "याआधी दुसऱ्या नावाने आला होतात का?" मला वाटलं होतं, लोक हसतील. मोखाड्याचा एक गडी मात्र गंभीरपणे म्हणाला, "कुठलं सांगू? घरचं, का ठाण्याला कामावर सांगतो ते?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "दोन्ही सांगा."