आईला थांबायचं नव्हतं

मी वसईहून शारजाला निघाले त्या सकाळी आई मला आधी दफनभूमीत घेऊन गेली. परदेशी निघालेल्या माणसाने घरच्या कबरीवर मेणबत्ती लावून जायचं, ही आमच्या आळीची रीत. माझ्या अंगावर विमानात घालायचा नवा ड्रेस होता, टॅक्सी येऊन उभी होती, आणि शारजाला आधीच पोचलेला माझा नवरा रॉबर्ट फोनवर फोन करत होता. आईला मात्र कसलीच घाई नव्हती. तिने बाबांच्या कबरीवरची सुकी पानं वेचली, वाऱ्याकडे पाठ करून मेणबत्ती पेटवली, आणि प्रार्थना झाल्यावर घरातली एखादी खोली दाखवावी तसं बोट दाखवून म्हणाली, "मी पण इथेच. बाबांचीच कबर उघडतील आणि मला ठेवतील. तू तिकडे असलीस तर तुझ्यासाठी मला थांबवून ठेवायचं नाही."

मला रागच आला. पोरगी पहिल्यांदा देश सोडून चाललीय आणि हिला स्वतःचं दफन सुचतंय. निघताना असलं अभद्र कशाला बोलतेस, असं मी म्हटलं, तर म्हणाली, मग कधी बोलू, तू विमानात बसल्यावर? आई आमची सामवेदी बोली बोलायची, तिच्यात हे आणखी तिखट लागायचं. इथे मी ते साध्या मराठीत लिहितेय, कारण गावात राहिलेल्यांबरोबरच हे माझ्यासारख्या निघून आलेल्यांच्या मुलांनीही कधीतरी वाचावं अशी इच्छा आहे, आणि त्यांना साधी मराठी आली तरी पुष्कळ.

आई असं का बोलली ते आळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आळीत एखादी बाई गेली की तिला आंघोळ घालायला, लुगडं नेसवायला, हातात जपमाळ गुंफायला आईला बोलावणं यायचं. चर्चची मरणाची घंटा वाजली की ती हातातलं काम खाली ठेवायची आणि पदर खोचून निघायची. कोणाचं मरण आहे हे वाटेत कळायचं. पुढे घरोघरची मुलं गल्फला, कॅनडाला गेली आणि मुलं येईपर्यंत मयत हॉस्पिटलच्या शीतगृहात ठेवायची पद्धत पडली. समोरच्या घरातल्या म्हातारीचे मुलगे असेच दूरदेशी. ते येईपर्यंत ती बिचारी तिथेच पडून होती. तिला नेसवायला गेलेली आई परत आली ती ओटीवरच बसून राहिली. चहाही घेईना. शेवटी म्हणाली, "माणूस आहे, मासळी नाही बर्फात ठेवायला." त्यानंतर तिने माझ्या धाकट्या भावाकडून, विल्सनकडून, क्रुसासमोर शब्द घेतला होता की तिला त्याच दिवशी मातीत ठेवायचं. थांबायचं नाही, कोणासाठीही नाही.

शारजात अल नहदाच्या एका उंच इमारतीत आमचा संसार मांडला गेला तो आजतागायत तिथेच आहे. रॉबर्टचं वर्कशॉप इंडस्ट्रियल एरियात, माझं ऑफिस दुबईत रास अल खोरला, भाजीपाल्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे. वसईच्या वाडीवाल्यांची मुलगी मी, जन्मभर केळी आणि पानवेली बघितलेली. इथे मी केळी फक्त कॉम्प्युटरवर बघते, कंटेनरच्या हिशेबाने. सकाळी दुबईच्या हद्दीवर गाड्या तुंबतात तेव्हा मी मोबाइलवर गावाकडचा ग्रुप उघडते. आमच्या चर्चच्या ग्रुपवर मरणाच्या बातम्या येतात. फोटो, नाव, आळी, दफन किती वाजता. शाळेला निघालेली माझी मुलगी मागच्या सीटवरून विचारते, "मम्मा, हू इज इट नाऊ?" मी सांगायला लागते की आजीच्या मावसबहिणीची सून, तिचं घर विहिरीपलीकडे, आणि तोवर तिने कानात इयरफोन घातलेले असतात.

आई एकदा आमच्याकडे राहायला आली होती. बाल्कनीतून खालचे रस्ते आणि समोरचे टॉवर बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता कौतुक करील. तर तिने विचारलं, "इथे कोणी गेलं तर घंटा कुठे वाजते?" मी म्हटलं, फोनमध्ये वाजते आई. ती हसली नाही. इथल्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे मुख्य उपासनेला, ती खूश असायची, इतक्या देशांची माणसं एका बाकावर बसलेली बघून तिला नवल वाटायचं. पण एका रविवारी आम्ही एका वसईकर कुटुंबाकडे रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, गेलो. त्यांचा कर्ता माणूस कामावर असतानाच गेला होता आणि त्याची शवपेटी कार्गोने मुंबईला पाठवली होती. आम्ही फ्लॅटचं दार लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दबक्या आवाजात गाणी म्हटली. घरी येताना लिफ्टमध्ये आई म्हणाली, मेलेल्यासाठी मोकळं रडताही येत नाही होय गं तुम्हाला?  महिन्याभरात ती परत गेली, आणि मी कितीही आग्रह केला तरी पुन्हा आली नाही.

आई वारली तो दिवस ईदच्या सुट्टीतला. भल्या सकाळी विल्सनचा फोन आला आणि त्याने "ताई" एवढंच म्हटलं. झोपेतच गेली होती. मी बसल्या जागी लॅपटॉप उघडला. शारजा, दुबई, अबू धाबी, सुट्टीमुळे सगळी विमानं भरलेली. रॉबर्ट म्हणाला, "यल्ला, कपडे भर, सरळ एअरपोर्टला जाऊ, कोणीतरी कॅन्सल करेल." पण काउंटरवरच्या माणसाने मान हलवली. मिळालं ते रात्रीचं एक तिकीट, गावी पोचायला दुसरी सकाळ उजाडणार होती. मी तिथूनच, ट्रॉल्यांच्या गर्दीत उभी राहून विल्सनला फोन लावला. म्हटलं, एकच रात्र. उद्या दहाला दफन ठेव, मी येतेय, मला तिचं तोंड बघायचंय.

त्याने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "ताई, चारला नेतोय. मी तिला शब्द दिलाय."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. जिवंतपणी तिने सांगितलेलं डोळ्यांचं ऑपरेशनसुद्धा तू लांबवलंस आणि नेमकं हेच ऐकायचं सुचलं तुला, असंही बोलले. तू रोज बघत होतास रे तिला, मी कधी बघायची, असं ओरडले. आजूबाजूची माणसं वळून बघत होती. त्याने एकदाही आवाज चढवला नाही आणि वेळही बदलली नाही. शेवटी फोन मीच कापला. रॉबर्टने गाडीत मला पाणी दिलं आणि आम्ही अल नहदाला परत आलो.

घरी आलो तर शेजारच्या जोशीवहिनी दारात उभ्या. पुण्याच्या त्या, पलीकडच्याच फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या हातात पिठलं-भाताचं पातेलं होतं. म्हणाल्या, तुमच्यात सुतक पाळतात की नाही मला माहीत नाही, पण आज गॅस पेटवू नका. आमच्या आळीतही मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे जेवण आणतात. त्यांना जवळ घेऊन मी जी रडले ती दबक्या आवाजात नव्हे. लॉबीतली दारं उघडली, लोक डोकावले, मला त्याची लाज वाटली नाही.

दफन आम्ही टीव्हीवर बघितलं. चर्चच्या तरुण मुलांनी माळ्यावर मोबाइल लावून ते लाइव्ह दाखवलं होतं. वरून काय दिसणार? पंखे दिसले, बायकांचे अंबाडे दिसले, आणि मधोमध पेटी. फादर तिच्याबद्दल बोलले ते पंख्यांच्या घरघरीत अर्धंमुर्धं ऐकू आलं. मिस्सा संपल्यावर पेटी बंद करायची वेळ आली. आमच्याकडे त्या वेळी मुलंबाळं एकेक करून पुढे होतात, कपाळाचा शेवटचा मुका घेतात आणि मग झाकण लावतात. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. पण सगळी आळी पेटीभोवती गोळा झाली आणि पडद्यावर नुसत्या पाठीच पाठी. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली, तिने माझा हात धरला आणि विचारलं, "मम्मा, व्हेअर इज आजी?" मी म्हटलं, त्या पाठींच्या पलीकडे. गर्दी बाजूला झाली तेव्हा झाकण लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आळीत उतरले. आईची खाट धुऊन अंगणात उभी करून ठेवली होती. विल्सनने माझी बॅग घेतली. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. सरळ दफनभूमीत गेले आणि ताज्या मातीवर हात ठेवून बसले. हार उन्हाने कोमेजत आले होते. मला आईशी बोलायचं होतं, पण मनात येत होतं ते सगळं विल्सनबद्दल, आणि ते तिच्याजवळ बोलणं बरं दिसलं नसतं.

मयत झाल्यापासून सातव्या दिवसाच्या मिस्सेपर्यंत आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी होते. सगळी आळी येते. रोझरी झाली की चहा, आणि चहाबरोबर उशिरा पोचलेल्या माणसाला सगळं सांगायचं, ही पण एक रीतच. मी लहान असताना मला वाटायचं, या बायका त्याच त्या गोष्टी का उगाळतात? आता त्या माझ्यासाठी उगाळत होत्या. तिला कोणी आंघोळ घातली. लुगडं ठेवणीतलं लाल, तेच का निवडलं. अंग अजून मऊ होतं, चोळी पटकन चढली, हात अवघडले नव्हते, हे तर तिघीचौघींनी सांगितलं. दुपारचं ऊन केवढं होतं आणि पेटीवर छत्री कोणी धरली. एकीचं सांगून झालं की दुसरी तिला मधेच तोडून दुरुस्त करायची. मी ऐकत राहायचे. विल्सन तेवढ्यात कप गोळा करून आत निघून जायचा. आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांशी मीठ-भाकरीपुरतंच बोलत होतो.

मिस्सेच्या आदल्या संध्याकाळी मार्था मावशी माझ्याजवळ सरकून बसल्या. आईची ही जुनी मैत्रीण, तिच्याबरोबर मयतं नेसवायला जाणारी. आईलाही त्यांनीच नेसवलं होतं. म्हणाल्या, विल्सनला जप हो, फार लावून घेतलंय त्याने. पेटी बंद करताना मुका घेऊन तो मागे झाला, मुलांनी झाकण उचललं, तर म्हणे थांबा, आणि परत वाकून त्याने पुन्हा मुका घेतला. आम्हाला वाटलं पोरगं भांबावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता विल्सन वाडीत गेला तशी मी मागोमाग गेले. बाबांच्या पानवेलींच्या जागी आता त्याचा सोनचाफा आहे. कळ्या उमलायच्या आत तोडाव्या लागतात, म्हणून घरात मयत असो की लग्न, चाफ्याला सुट्टी नसते. तो आकडीने फांदी खाली ओढून तोडत होता. मी विचारलं, "दोनदा का घेतलास मुका?"

त्याने फांदी सोडली नाही. "एक माझा, एक तुझा," म्हणाला.

मग बराच वेळ आम्ही दोघंही रडत होतो आणि तोडतही होतो, कारण फुलवाल्याचा टेम्पो यायची वेळ झाली होती. त्याने सांगितलं की ते वाकताना तो आईच्या कानात म्हणाला होता, हा शारजाचा. रांगेतल्या कोणाला ऐकू गेलं नसावं. मला सांगायचं त्याच्या मनात नव्हतं. तू रागावलेली होतीस, म्हणाला, वाटलं त्यावरही रागावशील.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे दूर आहेत, त्यांना फोन येईल तेव्हा विमान मिळेलच असं नाही. मलाही मिळालं नाही, आणि ते दुःख अजून तसंच आहे, ते कमी झालं असं मी खोटं लिहिणार नाही. आईचं तोंड मी बघितलं नाही, ते नाहीच. पण घर कुठे असं कोणी विचारलं की मी आता अल नहदा आणि वसई यांत चाचपडत बसत नाही. माझ्या वाटणीचं जिथे माझ्यामागे कोणीतरी करतं, न सांगता करतं, ते घर. आई माझ्यासाठी थांबली नाही, आणि तरी माझा निरोप घेतल्यावाचून गेली नाही.