रुळावरचा निळा रंग

शेजारी खिडकीला ऑइलपेंट लावतायत. त्या वासाने मला नगरजवळच्या एका अंगणात नेलं.

लष्कराचा उखडलेला रेल्वेफाटा मी वर्षानुवर्षं शोधत होतो. दप्तरखान्यात 'उद्या या'शिवाय काही मिळालं नव्हतं. इथे मात्र एक जुना रूळ गोठ्याचा खांब होऊन उभा होता. त्यावरची पुसट अक्षरं वाचली की तो फाट्याचाच, अशी खात्री होणार होती. आणि घरच्या मावशी त्यांवरच निळा रंग फासत होत्या.

"मावशी, थांबा! वाचू द्या!"

"उद्या पोरीचं लगीन हाय, वाचत काय बसता? वर माजा हात पोचत न्हाई, तेवढं तुमी रंगवा."

चरफडत ब्रश घेतला आणि उरलेली अक्षरं मीच बुजवली. वाटभर मावशींना मनात बोल लावले. आज वाटतं, त्या रंगामुळेच रूळ गंजायचा वाचला असेल. अक्षरं मात्र अजून वाचायची राहिलीत.