इंग्लंडातला मे महिना

"वाचलं काय गा, की नुसतं पाहून राहिला?" स्टाफरूममध्ये कुणाच्या हाती इंग्रजी पुस्तक दिसलं, की सरांचा हा प्रश्न ठरलेला. तुमच्याही कॉलेजात असे एक सर असतीलच. आमचे उमरेडच्या विणकर घरातले. इंग्रजी निसर्गकवितेवरचा त्यांचा प्रबंध सत्तरच्या दशकात वर्षानुवर्षं चालला होता. आम्ही चिडवायचो, "सर, लेकीचं लग्न आधी होईन का प्रबंध?"

"लेक घाई करून राहिली," ते हसायचे. "प्रबंधाले घाई नाही."

खेड्यातल्या पोरांना इंग्रजीचा धाक. त्यांच्यासाठी सरांनी नागपूरच्या महाल भागातल्या एका प्रकाशकाला गाईड लिहून दिलं, ऐन उन्हाळ्यात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. विद्वानानं गाईड लिहिणं कमीपणाचं, म्हणून नाव छापू दिलं नाही. मला मात्र ठाऊक होतं.

पुढे एकदा आम्ही सगळे इंग्रजीचे प्राध्यापक एका हॉलमध्ये पेपर तपासत होतो. प्रमुख परीक्षक बाहेरगावचे. सरांचा प्रबंधही त्यांच्याकडेच जायचा होता. एकाएकी ते कडाडले, "इंग्लंडातल्या मे महिन्यात कवी उन्हानं होरपळतो? सगळ्या पोरांनी हेच लिहिलंय! शून्य द्या. कुठल्या गाढवानं लिहिलंय हे गाईड?"

हॉल हसला. तिकडचा मे म्हणजे फुलांचा महिना. हे सरांना काय ठाऊक नव्हतं? पण लिहिताना नागपूरचं ऊन डोक्यात शिरलं होतं.

सर उठले. कानापर्यंत लाल झाले होते.

"ते गाढव मीच आहो. पोरांचे मार्क कापू नका."

पोरांचे मार्क वाचले. परीक्षक भला माणूस, प्रबंध पाठवा म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा निरोप धाडला. सरांनी पाठवला नाही. मी भांडलो, तर म्हणाले, "मले लाज वाटते गा. ज्याले तिथला मे समजला नाही, त्यानं डॉक्टर काहून व्हावं?"

सर गेले, तेव्हा शोकसभेत प्राचार्यांनी त्यांना चुकून 'डॉक्टर' म्हटलं. त्या दिवशी हॉलमध्ये हसलेले बरेच जण समोर होते. खरी लाज आमची होती. वर्षानुवर्षं आम्ही सगळे वर्गात तेच गाईड हाती घेऊन शिकवत होतो आणि ती ओळ एकालाही खटकली नव्हती. सर उभे राहिले, तेव्हा हे सांगायला आमच्यातला कुणी उठला नाही. मीही नाही.

शेवटी दोन मिनिटं गप्प उभं राहायला सांगितलं. तेवढं आम्हाला छान जमलं.