कबुलीचा नारळ

पोलीस पाटलांनी काठीच्या टोकाने माझा खिसा दाखवला. "काय हाय त्यात? काढ."

गावाने रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. मी अलीकडे, ते पलीकडे. कल्याणहून दोन दिवस चालत आलो होतो. लॉकडाऊनमध्ये हमाली बंद पडली, खोलीमालकाने बाहेर काढलं. खिशात गोळ्यांची पट्टी होती आणि कल्याणच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या शिक्क्याचा कागद. गर्द सोडवायच्या गोळ्या, जिभेखाली ठेवायच्या. आठ महिने मी गर्दाला शिवलो नव्हतो, ते त्यांच्याच जोरावर.

"कागद वाचा, तात्या."

"गर्दुल्ल्याला कागद कोन देतो रे? नशा घेऊन गावात शिरतो?"

पट्टी खाली टाकायला लावली आणि बुटाने चिरडली. कागद उघडलासुद्धा नाही.

मला शाळेत कोंडलं. दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, जुलाब, थंडी, हाडं मोडून आली. गोळी अचानक बंद झाली की असंच होतं. गावाने ठरवलं, कोरोना. नर्सबाई तपासून गेल्या, काही निघालं नाही. तरी खिडकीतून भाकरी काठीला बांधून यायची. मीही ती हुंगून खायचो. यांचा काय भरवसा?

त्याच खिडकीतून एक दिवस पाहिलं. पाटलांचा मेहुणा ठाण्याहून गाडीने आला. पाटलांनी स्वतः काट्या बाजूला सारल्या. चार दिवसांत मेहुणा तापाने फणफणला, मग शेजारची दोन घरं. खापर मात्र माझ्यावर फुटलं.

माझे चौदा दिवस भरले तशी देवळापुढे गावकी बसली. आमच्याकडे रीत आहे: गावावर संकट आणणाऱ्याने गावदेवीपुढे नारळ ठेवून कबूल व्हायचं. मग विषय संपतो. नारळ आईच घेऊन आली होती.

"ठेव रे. मिटंल सगला. आपल्याला हितंच ऱ्हायचाय."

मला तिचा भयंकर राग आला. तिलाही दोषी मीच वाटत होतो. नारळ हातात घेतला. ठेवला असता तर घरी जेवायला मिळालं असतं.

मी तो पाटलांसमोर धरला. "तात्या, तुमी ठेवा. गाडीसाठी काट्या तुमी काढल्यात. मी बघितलाय."

त्यांनी नारळ घेतला नाही. घरात मला घेतलं नाही. मी पुन्हा कल्याणची वाट धरली. गर्द कुठे मिळतं ते पाठ होतं. त्या गल्लीत वळलो नाही, थेट केंद्रावर गेलो.

कबूल करण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. घरातली भांडी विकलीत, आईच्या कानातलं विकलंय. ते कबूल करीन, तिच्याचपुढे. न केलेलं कबूल करणार नाही. गावकीपुढे नाही, देवीपुढेही नाही.