कोरडी सुई

“त्या डॉक्टरला आत्ताच्या आत्ता बेड्या घाला साहेब!”

सरकी-पेंडीचा एक व्यापारी पोलीस ठाण्यात माझ्या टेबलावर मुठी आपटत होता. आवाज असा की जाफराबादच्या स्टँडवरची एसटी घाबरून वेळेआधी सुटली. निवृत्त झालो, पण तो आवाज कानातून निवृत्त झाला नाही.

त्याच्या आईचा गुडघा बदलून दोन महिने झाले होते. आजी चांगली चालायला लागलेली, आणि एकाएकी गुडघा कलिंगडाएवढा सुजला, अंगात ताप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आत पू झाला तर बसवलेला सांधा काढावा लागेल, असंही बजावलं. आता अशा प्रकरणात वैद्यकीय समितीच्या अभिप्रायाशिवाय डॉक्टरवर गुन्हा नोंदवता येत नाही. मी अर्ज घेतला, डायरीत नोंद केली आणि डॉक्टरांचा जबाब घेऊन पुढच्या चौकशीला निघालो.

खबर दिली काळीपिवळीच्या ड्रायव्हरनं. “आजीला दर मंगळवारी पिंपळगाव रेणुकाईला नेत व्हतो.”

“देवीला?”

“घरी तसंच सांगायच्या. पन देवळाच्या अलीकडंच उतरायच्या.”

अलीकडं राहत होता एक टोचणीवाला. दुखऱ्या जागी बारीक सुया खुपसायचा. माझ्या मिशा पाहूनच त्याचा निम्मा जबाब झाला.

“सुया कशानं धुतोस?”

“फडक्यानं पुसतो ना साहेब, बराबर!”

तडक आजीचं घर गाठलं. “आजी, सुई घेतली का म्हणून डॉक्टरांनी विचारलं होतं ना?”

“इचारलं की. न्हाई म्हनलं.”

“आणि मंगळवारचं काय?”

“ती कुठं सुई, लेकरा? सुईतून औषद आत जातं. ह्याची कोरडी व्हती. ती टोचणी!”

झालं! एका शब्दानं घोळ केला होता. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी त्याच दिवशी गुडघ्यातलं पाणी तपासलं, सांधा उघडून धुतला. वेळेत कळलं म्हणून वाचला. टोचणीवाल्याच्या सुया पंचनामा करून जप्त केल्या.

तेव्हापासून एकच प्रश्न मी तीन वेगवेगळे शब्द वापरून विचारतो. साक्षीदार दर वेळी खोटंच बोलतो असं नाही. कधीकधी आपलाच शब्द चुकीचा असतो. आणि बदललेल्या सांध्याजवळ सर्जनला न विचारता कुणी सुई आणली, तर सरळ उठून चालू लागावं.

आजी पुन्हा चालायला लागल्यावर मी विचारलं, “टोचणीचं घरात का नाही सांगितलं?”

“गुडघा दुखतो म्हनलं की सून व्यायाम करायला लावती,” आजी म्हणाली.