मकसूदभाईंची मूठ आणि कोपर

मकसूदभाई मणियार यांच्याइतका हट्टी माणूस नारायण पेठेत दुसरा नसेल, आणि आमच्या पेठेत हट्टी माणसांची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही. त्यांचं बांगड्यांचं दुकान माझ्या लेस-बटणांच्या दुकानाला लागून. त्यामुळे हा ताप मला रोजचाच.

गेल्या वर्षी वाघोलीला साडूकडे जाताना त्यांची स्कूटर घसरली. हाड एकही मोडलं नाही, पण डावा खांदा असा आपटला की मानेतून हाताकडे येणाऱ्या काही नसा तुटल्या. बोटं चालत होती, मूठ घट्ट वळत होती. कोपर मात्र वाकेना. हात नुसता लोंबायचा.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. पंजाला ताकद देणाऱ्या चांगल्या नसेतले थोडे धागे काढून दंडाच्या नसेला जोडायचे. उरलेले धागे पंजाचं काम सांभाळून घेतात. पण उशीर केला तर दंडाचा स्नायू वाळेल आणि मग काही उपयोग नाही.

"म्हणजे चांगल्यातलंच कापणार?" मकसूदभाईंनी मान हलवली.

बांगड्या भरणाऱ्याचं सगळं कसब डाव्या पंजात. अंगठ्याखालचा उंचवटा बेतानं दाबून बाईचा हात लहान करायचा, तेव्हा उजव्या हातानं काच सरकते. ती पकड गेली की धंदा गेला, हे मलाही कळत होतं. पण म्हणून कोपराला तेल चोळत बसायचं? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्यांच्या पत्नी, रझियाभाभी, रडून थकल्या आणि मी बोलून थकले. शेवटी म्हटलं, "हात पुरता वाळला की कळवा. दुकानाची किल्ली मी घेईन, माझ्या बटणांना जागा कमीच पडतेय."

हे लागलं बहुतेक. ऑपरेशन झालं.

करंगळीला काही दिवस मुंग्या आल्या, पकड होती तशीच राहिली. कोपर मात्र ढिम्म. मकसूदभाई डावा हात काउंटरवर टेकवून बांगड्या भरू लागले. फिजिओथेरपिस्टनं बजावलं होतं की मूठ आवळा आणि त्याच वेळी कोपर वाकवायला बघा. धागे मुळात पंजाचे, ते मुठीबरोबरच जागे होणार. पण हे गृहस्थ करतील तर शपथ! म्हणे गिऱ्हाइकासमोर मुठी आवळणं बरं दिसत नाही.

मग एका दुपारी पेठेतल्या यमुनाबाई नव्या सुनेला घेऊन आल्या. मकसूदभाईंनी तिचा हात दाबला मात्र, तो सरळ यांच्या छातीकडे ओढला गेला. सून किंचाळली. यमुनाबाई कडाडल्या, "अहो, लाज आहे का काही?" मकसूदभाईंनी पुन्हा पुन्हा माफी मागितली, शटर ओढलं आणि घरी जाऊन बसले.

मी मागोमाग गेले.

"ताई, अब्रू गेली."

"अहो, कोपर वाकलं ना तुमचं!" मी ओरडलेच. "इतके महिने ज्याची वाट बघितली ते झालं, आणि तुम्ही त्याची माफी मागून आलात?"

रझियाभाभी आधी हसल्या, मग रडल्या. मकसूदभाई कोपराकडे बघत राहिले.

त्यानंतर रोज दुपारी तालमीला हात आम्हा दोघींचे. दाबायचं पण ओढायचं नाही, ओढायचं पण दाबायचं नाही. माझं मनगट लालबुंद व्हायचं, वर हेच म्हणायचे, "ताई, तुम्ही हात फार कडक धरता."

मी यमुनाबाईंना सगळं समजावून आले होते. परवा सुनेच्या डोहाळजेवणाला बांगड्या भरायला त्यांनी मकसूदभाईंनाच बोलावलं. हे नाहीच म्हणत होते. मी ढकलत नेलं. घरभर बायकांना हिरव्या बांगड्या भरून झाल्या, एकही हात ओढला गेला नाही. शेवटी सुनेनं रीतीप्रमाणे बांगडीवाल्याला वाकून नमस्कार केला.

मकसूदभाईंनी हात जोडले. दोन्ही कोपरं वाकलेली, दोन्ही पंजे सरळ, एकमेकांना टेकलेले. मूठ आवळलेली कुठेच नव्हती.

"मकसूदभाई, हात!" मी त्यांच्या हातांकडे बोट दाखवलं.

त्यांनी दचकून पंजे उलटसुलट करून पाहिले. "का? कुणाला काच लागली का?"