काचेवरची टिचकी

दत्ताराम भावोजींचा फोन आला तेव्हा मी बेंचवर सोल्डरिंग करत होते.

"वयनी, तुमचो डबो खोटां बोलता."

"काय झालं?"

"काचेर पंचेचाळीस होतो. टिचकी मारलंय, तर नव्वद झालो. माझो हात झाकणावर होतो."

मी सोल्डरिंग गन खाली ठेवली.

भावोजी म्हणजे माझ्या मिस्टरांचे मिलमधले सोबती. मिल बंद झाल्यावर परळला एका लॉन्ड्रीत लागले. तिथे हॉस्पिटलच्या चादरी उकळत्या पाण्यात धुतात. पाणी निवलं की मगच मशीनचं झाकण उघडायचं. पाणी किती गरम ते दाखवणारा कंट्रोलचा डबा आमच्या लालबागच्या गाळ्यात बनतो. त्याची वायरिंग मी करते. शिक्षण माझं सातवी.

नेने सर आमचे मालक. ते आणि मी लगेच गेलो. सरांनी डबा उघडला. आत काच आणि बोर्ड यांच्यामध्ये पातळ पट्टी असते, तिच्यात बारीक तारा. मशीन हादरून हादरून ती पट्टी एका बाजूने सुटली होती. भावोजींच्या टिचकीने तेवढ्यापुरती टेकली.

"सुटली तर काच काळी का नाही झाली?" मी विचारलं.

सर म्हणाले, "मावशी, करंटची तार जाग्यावर होती. निरोपाची सुटली."

ही ग्राफिक डिस्प्लेची काच म्हणजे बारीक ठिपके. ठिपके चालू-बंद करून आकडा काढा, चित्र काढा. पण तिला स्वतःची आठवण असते. निरोप थांबला तरी शेवटचा आकडा ती दाखवतच राहते. माणसाला वाटतं, चालू आहे.

लॉन्ड्रीचा मॅनेजर म्हणाला, "सर, हे जुनाट काढा ना. मोबाईलसारखा कलर टच लावा."

भावोजींनी ओले रबरी हातमोजे पुढे केले. "साहेबानू, ह्येनी टच करून दाखवा बघू."



सरांनी साधीच काच निवडली. काळे मोठे आकडे, बाजूने उभं राहिलं तरी दिसतील असे. उष्णता आणि दमट हवा सोसणारी. पट्टी काढून टाकली. त्या जागी खटका बसणारा कनेक्टर आणि जाड केबल. काच आणि बोर्ड एकाच पत्र्यावर बसवले, म्हणजे हादरले तर दोघं मिळून हादरतील. केबल मी दोन्ही टोकांना बांधली. ओढून बघितली. परत ओढून बघितली.

भावोजी बघत होते. म्हणाले, "ह्यां पण कधीतरी सुटतला. तेव्हा माका कसां कळतला?"

सरांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "बरोबर आहे."

भावोजी असं का विचारत होते ते मला माहीत होतं. मिलच्या डायिंग खात्यात, कापड रंगवतात तिथे, एकदा उष्णतेच्या डायलचा काटा अडकला होता. मिस्टरांनी काट्यावर विश्वास ठेवला. झाकण उघडलं, वाफ हातांवर आली. हात राहिले, कामाचे नाही राहिले. त्यांना घास मी भरवायचे आणि दिवसा या गाळ्यात यायचे. भावोजी त्या दिवशी त्यांच्या बाजूलाच उभे होते. त्यानंतर कुठलाही मीटर बघायच्या आधी ते टिचकी मारतात. लॉन्ड्रीतले लोक हसतात त्यांना.

सरांनी काचेच्या कोपऱ्यात एक ठिपका टाकला. निरोप येतोय तोवर तो लुकलुकणार. थांबला, की आकडा मेला समजायचं. शिवाय बोर्ड काचेला सारखं विचारणार, आहेस का. उत्तर नाही आलं तर भोंगा वाजणार आणि हीटर बंद.

बसवल्यावर सरांनी मुद्दाम केबल उपटली. आकडा तसाच राहिला. ठिपका थांबला. भोंगा वाजला. भावोजींनी झाकणाला हात लावला नाही. मी बघत होते.

केबल परत बसवली. ठिपका लुकलुकायला लागला. भावोजी पुढे आले आणि काचेला टिचकी मारली.

सर हसले. "आता गरज नाही हो."

मी म्हटलं, "मारू द्या सर. काच मजबूत घेतलीय ना?"

काच बंद पडली तर माणूस थांबतो. बंद पडून चालू दिसली तर हात घालतो. आता प्रत्येक डब्यात मी तो ठिपका बघते, मगच झाकण लावते.